कानिफनाथची टिटवी

पुणतांब्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांची आधारकार्डं माझ्या हातून लॅमिनेट झालेली आहेत, त्यामुळे कुणाचा फोटो किती वाईट येतो हे मला ठाऊक आहे. तरीही गावातला खरा मोठा माणूस कोण असं कुणी विचारलं, तर मी कानिफनाथ डोखेचं नाव घेतो. या माणसानं काही वर्षं खपून एक व्हिडिओ गेम बनवला आणि तो पृथ्वीवरच्या एकाही माणसाला शेवटपर्यंत खेळता आला नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं तोंड लपवलं असतं. कानिफ ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचा.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. गणिताला नृसिंह मुळे सर. ते कोपरगावहून स्कूटरवर यायचे आणि त्यांच्या पेपरच्या दिवशी मुलं देवळात जास्त आणि वर्गात कमी दिसायची. आमच्याकडं एक रीत आहे: जो मास्तर सगळ्यांना पास करतो त्याला लोक चांगला माणूस म्हणतात, आणि जो नापास करतो त्याला चांगला मास्तर. त्या हिशेबानं मुळे सर फारच चांगले मास्तर होते. सरांच्या वर्गात कानिफ गणित काही शिकला नाही, पण एक तत्त्वज्ञान मात्र शिकला. जे अवघड ते थोर, आणि जे कुणालाच जमत नाही ते सगळ्यांत थोर. बिचाऱ्यानं पुढं आयुष्यभर ते इमानानं वापरलं.

रडतखडत इंजिनिअर होऊन तो पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. गेम म्हणजे कसला, तर मोबाईलवर फळाशेजारी फळ आणायचं, तीन जुळली की ती फुटतात आणि एक बाई गोड आवाजात शाबासकी देते. खेळणारा कुठवर खूश राहील आणि कुठं अडकला म्हणजे जाहिरात बघेल, हे ठरवायचं काम कानिफकडं होतं. त्याला ते पाप वाटायचं. "बाप पेरू पिकवून विकतो," तो मला फोनवर म्हणायचा, "आणि मी पेरूची चित्रं फोडून पगार घेतो." लॉकडाऊनमध्ये तो गावी आला, ऑफिस उघडल्यावर परत गेला नाही, आणि वडिलांच्या बागेतल्या पॅकिंग शेडमध्ये पेरूच्या कॅरेटांमागं टेबल टाकून बसला. जगातल्या सोप्या गेमांनी माणसाची जात नासवली आहे आणि आता ती आपणच सुधारायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

त्याची बायको निकिता शिर्डीत एका हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. रात्रभर बसमध्ये आखडून आलेल्या आणि खोली अजून तयार नाही हे नुकतंच कळलेल्या माणसांशी गोड बोलायचं, हे तिचं रोजचं काम. घरी आल्यावर उरलेला गोडवा ती नवऱ्यासाठी वापरत नसे. नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. घरात एक तरी माणूस मोठं काम करणारा पाहिजे."

गेमचं नाव 'टिटवी'. प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, म्हणजे डावीकडून उजवीकडं धावायचं, कडेवरून कडेवर उड्या मारायच्या, पडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी हे दुकानात दोघातिघांना सांगितलं तर त्यांना वाटलं गेम आपल्या स्टेशनवर आहे आणि मनमाडची गाडी धरायची आहे. तसं असतं तर निदान लोकांना ते जमलं तरी असतं.

गोष्ट चांगली होती, हे कबूल करायला पाहिजे. टिटवी नदीच्या पात्रात उघड्यावर अंडी घालते. कानिफच्या टिटवीचा पंख दुखावलेला, उडता येत नाही, पाणी चढून ती अंड्यांपासून तुटलेली. मग तिनं गोदावरीच्या पात्रातून, एका पडक्या विहिरीतून आणि शेवटी साखर कारखान्यातून उड्या मारत घरट्याशी परत यायचं. चित्रं त्यानं स्वतः काढली होती. घाटाच्या पायऱ्या, वाळूतले चर, संध्याकाळचा नदीवरचा तांबूस उजेड, सगळं बघत राहावं असं. बघतच राहायचं होतं म्हणा, कारण पुढं जाता येत नव्हतं.

पहिला माणूस म्हणून मला शेडमध्ये बोलावलं. मी बटनांचा कंट्रोलर हातात घेतला, टिटवी चार पावलं चालवली, एका चरावरून उडी मारली आणि बरं वाटतंय तोवर सपाट गवतातून खाली जाऊन मेलो. गवताखाली खड्डा होता.

"हा दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसायला कशाला पाहिजे?" कानिफ माझ्या खांद्यामागं उभा होता. "आता कळलं ना?"

कळलं. पुढच्या खेपेला तो खड्डा ओलांडला तर पलीकडचा दगड पायाखालून निसटला. दगड चुकवला तर मागून घार आली, आवाज न करता. आणि दर वेळी कानिफ मागून "हं" म्हणायचा, वाढदिवसाला फुगा फुटल्यावर फोडणारा म्हणतो तसं. मी कंट्रोलर खाली ठेवला तेव्हा तो इतका समाधानी दिसला, की आपण त्याचं काहीतरी चांगलं केलं असं मला वाटलं.

मग त्यानं आईला बसवलं. साळूबाईंनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं. गेमच्या सुरुवातीला टिटवी वळून दूरच्या अंड्यांकडं बघते, तेवढं त्यांनी बघितलं आणि कंट्रोलरला हातच लावला नाही.

"आई, बटन दाब ना."

"आन् मेली म्हंजे?"

"मग पुन्हा पहिल्यापासून."

"मंग हितं बरी हाय की ती," म्हणून साळूबाई पेरू निवडायला निघून गेल्या. माझ्या मते या गेमला मिळालेला तो सर्वांत अचूक अभिप्राय होता. कानिफच्या मते आईला माध्यम समजलं नव्हतं.

यथावकाश 'टिटवी' इंटरनेटवर आली. जगभरच्या लोकांनी ती उतरवून घेतली, चित्रांचं कौतुक केलं आणि दुसऱ्या खड्ड्यात पडून आपापल्या कामाला लागले. खेळणारे कुठं सोडून जातात याचा ग्राफ कानिफला दिसायचा. दुसऱ्या खड्ड्यापाशी तो ग्राफ विहिरीत बादली सोडावी तसा खाली गेलेला. एखाद्यानं त्यावरून धडा घेतला असता. कानिफनं माझ्याकडून त्याची रंगीत प्रिंट काढून घेतली आणि शेडच्या भिंतीला लावली. टिटवीदेखील समुद्र आटवते अशी आपल्याकडं म्हण आहे. ह्याच्या टिटवीनं खेळणारे आटवले होते, आणि मालक खूश होता. लोक लिहायचे की खेळ अन्याय करतो. तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा की अन्याय खेळात नसून तुमच्या सवयींत आहे. एकानं विचारलं, शेवट कसा आहे ते तरी सांगा. त्याला कानिफनं लिहिलं, लायकी आली की दिसेल.

"हॉटेलवर मी असं बोलले असते तर मालकानं मला खुर्चीसकट बाहेर काढलं असतं," निकिता म्हणाली.

अशात कोपरगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरवाल्यांचं प्रदर्शन भरलं आणि कानिफला स्टॉल मिळाला. निकितानं रजा काढली, मी दुकान बंद ठेवलं, दुकानातला मोठा टीव्ही टेम्पोत घालून नेला. सकाळपासून पोरंपोरी येत होती, चित्र बघून "भारी" म्हणत होती, खड्ड्यात पडत होती आणि कंट्रोलर पुढच्याच्या हातात देऊन शेजारच्या स्टॉलवर जात होती. शेजारी टाळी वाजवली की दिवा लागतो असं काहीतरी होतं. तिथं तुडुंब गर्दी. कानिफनं तिकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "ही आपली पिढी." निकिता म्हणाली, "त्यांचा दिवा लागतो तरी."

प्रदर्शनाचं रीतसर उद्घाटन दुपारी होतं, त्यासाठी मुळे सरांना बोलावलेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोपरगावात अजून कुठल्याही फितीला कात्री लावायची तर सर लागतात. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटनं लावलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. फीत कापून ते स्टॉल बघत निघाले ते आमच्यापाशी आले आणि त्यांनी कानिफला ओळखलं. सर कुणालाच विसरत नाहीत. त्यांच्याकडं नापास झालेल्यांना तर मुळीच नाही.

"डोखे. हे तू केलंस?"

कानिफ म्हणाला, हो सर. त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी शाळेतही बघितलं नव्हतं. ज्याच्यामुळं आपण अवघड होत गेलो त्यालाच आता आपलं अवघडपण दाखवायचं, हा योग कुणाच्या नशिबात असतो?

सर खुर्चीत बसले. कंट्रोलर त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला असावा, पण तो त्यांनी खडूसारखा धरला आणि कुठलं बटन कशाला ते एकदाच विचारून घेतलं. टिटवी चालली, चरावरून उडी मारून गवतातून खाली गेली. सरांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा. पुन्हा. प्राचार्य हार घेऊन उभे, हॉलमध्ये माइकवर कुणीतरी पाहुण्यांना व्यासपीठाकडं येण्याची विनंती करतंय, आणि सर उठायला तयार नाहीत. बघता बघता टाळीचा दिवा सोडून पोरं आमच्याकडं जमली. एका म्हाताऱ्या मास्तरला पुन्हा पुन्हा मरताना बघण्यात जी मजा आहे ती दिव्यात कुठली?

शेवटी सरांनी मान वर केली. "डोखे, हा खड्डा आहे हे मला कळायचं कसं?"

"पडल्यावर कळतं सर."

"आणि त्यावरून पुढचा खड्डा ओळखता येतो?"

"नाही. तो वेगळा आहे."

"म्हणजे शिकवलं नाहीस ते विचारतोस."

पोरं हसली. कानिफचे कान लाल झाले. तो वाक्य गिळेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं ते टाकलंच.

"तुम्हीपण तेच करायचात, सर."

आता मात्र कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि जराही आवाज न चढवता म्हणाले, "मी शिकवायचो. तू खिडकीतून बाहेर बघायचास. माझा पेपर अवघड असायचा, लबाड नसायचा." आणि कंट्रोलर पुढं केला. "घे. तू करून दाखव. मला बघू दे त्याचं उत्तर काय आहे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हती. गेम बनवणारे स्वतःसाठी कीबोर्डवर एक गुपचूप बटन ठेवतात. ते दाबलं की हवा तो टप्पा उघडतो, दर वेळी पहिल्यापासून खेळत बसावं लागत नाही. त्यात गैर काही नाही. पण कानिफनं ते बटन इतकं दाबलं होतं, की कित्येक महिन्यांत तो स्वतः पहिल्या पायरीपासून गेम खेळलाच नव्हता. आणि सरांनी पुढं केलेल्या कंट्रोलरला ते बटन नव्हतं.

तो पहिला चर ओलांडून गेला. गवतातला खड्डाही. निसटणारा दगड त्यानं चुकवला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या स्टॉलवरचा दिवा लागला. त्या उजेडानं कानिफनं तिकडं बघितलं असेल नसेल, मागून घार आली आणि टिटवीला घेऊन गेली. दुसऱ्या वेळी तो दगडावरच मेला. तिसऱ्या वेळी गवतात. स्वतः खणलेल्या, स्वतः झाकलेल्या खड्ड्यात पडताना माणसाचा चेहरा कसा होतो हे कोपरगावातल्या पोरांनी मोबाईलवर टिपून ठेवलं आहे. मी त्याचं वर्णन करून त्यांच्या पोटावर पाय देत नाही.

सर उठले, हार घालून घ्यायला गेले, आणि भाषणात त्यांनी यातला एक शब्दही काढला नाही. कानिफला तेच जास्त लागलं.

त्यानंतर तो शेडमध्ये फिरकेना. वडील सहादेवनानांबरोबर बागेत जाऊन पेरूला पिशव्या बांधायचा. नानांना वाटलं पोरगं शेवटी ताळ्यावर आलं, आणि त्यांनी भीतभीतच त्याला ठिबकच्या नळ्या बदलायला सांगून बघितलं. भिंतीवरचा ग्राफ मात्र त्यानं काढला नाही. काढला निकितानं, आणि त्याची उलटी बाजू कोरी होती म्हणून त्यावर किराणा लिहिला.

मग सरांचा फोन आला. मी तिथंच होतो म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. सर फोनवरही वर्गात बोलल्यासारखं बोलतात. ते म्हणाले, "माझं अपुरं राहिलंय. तो खेळ माझ्या लॅपटॉपमध्ये घालून दे." कानिफ म्हणाला, सर, तो तितकासा चांगला नाही. सर म्हणाले, "ते मी ठरवीन."

आम्ही गेलो. सरांच्या घरात पुस्तकं, औषधं आणि शिस्त या तिन्हींना वेगवेगळी कपाटं आहेत. इंदूकाकूंनी चहा ठेवला. सरांनी एकच अट घातली. "मी खेळताना तू मागं बसायचंस, पण बोलायचं नाही. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षक बोलत नाही."

कानिफसाठी याहून कडक शिक्षा नसेल. आजवर जो कुणी त्याच्यासमोर खेळला, त्याच्या मागं उभं राहून तो "हं" तरी म्हणाला होता किंवा "अरे, तिथं नाही" तरी. आता दर आठवड्याला तो सरांच्या मागं स्टुलावर तोंड मिटून बसू लागला. आणि तोंड मिटलं की माणसाला दिसायला लागतं, हा शोध त्याला तिशी ओलांडल्यावर लागला. सरांची नजर कुठं जाते हे दिसायला लागलं. ज्या सुंदर तांबूस उजेडावर त्याचा इतका जीव होता, तो डोळे तिकडं ओढायचा आणि पाय इकडं खड्ड्यात जायचा. सर उडी मारण्याआधी क्षणभर थबकतात, म्हणजे त्यांना भीती वाटते, म्हणजे त्यांना टिटवीची काळजी आहे. आणि घार आली की ते दर वेळी मागं वळून दाराकडं बघायचे, जणू ती खोलीतच शिरली. एवढं सगळं होत असताना हा माणूस इतकी वर्षं फक्त "लायकी" बघत होता.

आणि सरांचा उजवा हात थरथरत होता. कॉलेजात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी, कपबशीच्या आवाजावरून आलं.

कानिफनंही तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन त्यानं सगळा गेम सोपा करून टाकला. खड्डे भरले, घार उडवून लावली, दगड सिमेंटनं बसवल्यासारखे घट्ट केले. मी म्हणालो, आता हा पुण्याच्या फळांसारखा झाला. त्यानं ऐकलं नाही. टोकाला गेल्याशिवाय आमच्याकडं कुणाला पश्चात्ताप झाल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या बुधवारी काकूंनी चहा टाकला आणि तो गाळून होईपर्यंत सर नदी ओलांडून विहिरीतून बाहेर आले होते. त्यांनी लॅपटॉप मिटला. अगदी हळू मिटला, म्हणून जास्त भीती वाटली.

"मी ग्रेस मार्क मागितले होते का?"

कानिफ स्टुलावरून उठला.

"हात माझा थरथरतो. डोकं नाही." मग ते काकूंना म्हणाले, की डोखेंना बिस्किटं दे, ते निघालेत.

यावेळी मात्र तो बागेत गेला नाही. शेडमध्ये गेला. त्यानं पहिल्यापासून सगळं नव्यानं मांडलं, आणि ते कसं मांडलं हे मी तिथं बसून बघितलं म्हणून सांगतो. सुरुवातीला त्यानं एक उथळ चर ठेवला, त्यात पडलं तरी टिटवी मरत नाही, चालत वर येते. उडी शिकायची ती इथं. मग गवताचा खड्डा तसाच ठेवला, पण त्याच्याआधी एक उंदीर टिटवीच्या पुढून पळतो आणि गवतात गडप होतो. बघणाऱ्यानं बघावं. निसटणारा दगड निसटण्याआधी थोडी माती सांडतो. घार यायच्या आधी तिची सावली वाळूवरून सरकते. पुढं विहिरीत हेच सगळं एकत्र येतं, आणि मग ते भयंकर अवघड असतं, पहिल्याहून अवघड. पण तिथं मेलं की माणूस कानिफला शिव्या देत नाही, स्वतःला देतो.

आणि एक गोष्ट त्यानं आत खोल कुठंतरी केली. टिटवीचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही, पापणी लवायच्या आत बटन दाबलं, तर उडी लागते. पायाखाली काही नसतं तरी लागते. पडद्यावर ते कळतही नाही. खेळणाऱ्याला वाटतं आपण अगदी वेळेत दाबलं.

"सरांना सांगायचं न्हाई," कानिफ मला म्हणाला.

"हे पण ग्रेस मार्कच की," मी म्हणालो.

"म्हणून तर सांगायचं न्हाई."

नवी टिटवी घेऊन आम्ही गेलो. सर नाराजीनंच बसले. उथळ चर पार झाला. उंदीर पळाला, गवतात गडप झाला. सरांनी टिटवी जागच्या जागी थांबवली. चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ गेले, मागं आले.

"हं," सर म्हणाले, आणि खड्ड्यावरून उडी मारली.

कानिफनं माझा गुडघा इतका जोरात दाबला की मला जिना उतरताना आठवण होत होती.

विहिरीत ते कित्येक आठवडे अडकून राहिले. आम्ही गेलो की काकू दारातच म्हणायच्या, "या. सकाळपासून पक्षी मारतायत." सरांनी औषधाची वेळ चुकवायला सुरुवात केली, म्हणून काकूंनी लॅपटॉपचा चार्जर औषधांच्या कपाटात ठेवला. आणि मग एक दिवस ते विहिरीतून वर आले. कठड्यावरून शेवटची उडी त्यांनी मारली तेव्हा टिटवीचा पाय सुटलेला होता, मी स्वतः बघितलं. नंतर लागली ती उडी. सर खुर्चीत मागं रेलले आणि आम्हाला एक व्याख्यान मिळालं: एकाग्रता असली की वय आड येत नाही, आणि हल्लीच्या मुलांकडं नेमकी तीच नाही. अर्ध्या कोपरगावानं पुढं हे व्याख्यान ऐकलं. ज्या माणसानं जन्मात कुणाला एक ग्रेस मार्क दिला नाही, तो पायाखाली हवा असताना पास झाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. आणि इंटरनेटवर परक्या माणसाचं स्वल्पविराम चुकलेलं वाक्यही ज्यानं कधी सोडलं नव्हतं तो कानिफ, शेजारी बसून मान डोलावत होता. "खरंय सर," म्हणत होता. मला वाटलं, याला ताप आला असावा.

ही नवी टिटवी त्यानं इंटरनेटवरही सोडली. खूप गाजली वगैरे काही नाही. निकिता अजून रिसेप्शनलाच आहे. पण लोक दुसऱ्या खड्ड्यापलीकडं जाऊ लागले. काही विहिरीत राहिले, काही कारखान्यापर्यंत पोचले. जुन्यांपैकी एकानं लिहिलं की आता यात दम राहिला नाही, आधी कसं थोर होतं. कानिफनं त्याला भलंमोठं उत्तर टाईप केलं. निकितानं ते वाचलं, पुसलं, आणि त्या जागी 'खेळल्याबद्दल आभार' असं लिहून पाठवून दिलं. तिचं म्हणणं, तक्रार करणाऱ्या पाहुण्याची खोली बदलता येत नसेल तर निदान चावी हसून द्यावी.

शेवटचा टप्पा साखर कारखान्याचा. उसाच्या मोळ्या वाहून नेणारा पट्टा, ज्याला आमच्याकडं गव्हाण म्हणतात, त्याच्यावरून उलट्या दिशेनं टिटवीला जायचं असतं, समोर ऊस तोडणारी पाती. तिथं सरांनी पावसाळा घालवला. गव्हाण जरा हळू करू का, असं विचारायची कानिफला एकदा उबळ आली होती. माझ्याकडं बघून त्यानं ती आवरली.

गणपती उठल्यानंतरच्या एका दुपारी आम्ही गेलो तेव्हा सर शेवटच्या पात्यापाशी होते. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. टिटवी पात्याखालून निसटली, गव्हाणीच्या टोकावरून उडी मारून वाळूत उतरली. पुढं कुठलाच धोका नव्हता. कानिफनं तेवढं अंतर मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक नव्हतं म्हणून ते तेवढंही जपून चालले. टिटवी अंड्यांवर जाऊन बसली. पडदा हळूहळू तांबूस झाला आणि त्यावर कानिफनं काही वर्षांपूर्वी लिहिलेली अक्षरं उमटली.

मी कानिफकडं बघितलं. तो सरांकडं बघत होता. पहिलाच माणूस त्याच्या गेमच्या शेवटाला पोचला होता, आणि ते मुळे सर होते.

सर पुढं वाकले. पडद्यावर बोट ठेवलं.

"डोखे, 'अभिनंदन'मधल्या 'भि'ला पहिली वेलांटी. तू दुसरी दिलीस."

खरंच दिली होती. इतकी वर्षं ती तिथं होती, आणि कुणी तिथवर आलंच नव्हतं तर चूक दाखवणार कोण?

कानिफनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि तिथंच बसून वेलांटी बदलली. सरांनी ती तपासली. मग काकूंच्या हातातला चहा घेतला, कप बशीवर थोडा वाजला, आणि म्हणाले, "आता दुसरा केव्हा करतोस? याच्याहून जरा अवघड कर."

कानिफ म्हणाला, करतो सर.

परतताना गाडी मी चालवत होतो. गोदावरीच्या पुलावर तो म्हणाला, की पुढच्या गेममध्ये एक गणिताचा मास्तर घालायचा विचार आहे, पण त्याला ओलांडून जायचं कसं हे अजून ठरत नाही.